धुराच्या आधीची कॉफी

"एवढीशी भाजलेली कॉफी माणसं पीत नाहीत, बाई," बाळिगा म्हणाले आणि मी नेलेला दाणा दोन बोटांत धरून त्यांनी उजेडाकडे नेला. "कच्चं धान्य घोड्याला घालतात."

"मी पिते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे, म्हणजे नेमकं माझ्या तोंडाकडे, रोखून पाहिलं. "काय?"

"मी पिते. रोज दोन कप. मला अशीच हवी आहे. भाजून द्याल का?"

"चिकोरी किती घालायची?"

"चिकोरी नको. दळूनही नको. नुसते दाणे, फिके भाजलेले."

काउंटरवर बसलेली त्यांची सून शैला हसली. बाळिगा हसले नाहीत. त्यांनी एक कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. "लिहा. तोंडी ऑर्डर मी घेत नाही. मागाहून घोळ होतो."

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, बेळगावातली. माझा नवरा उन्मेष बंगळूरची नोकरी सोडून आपल्या मामांच्या फाउंड्रीत लागला होता आणि त्याच्या मागोमाग मीही नोकरी सोडून आले होते. बंगळूरला आमच्या ऑफिसखाली एक टीचभर दुकान होतं. तिथे मला फिक्या भाजणीच्या कॉफीची चटक लागली. चिनीमातीच्या नसराळ्यात कागद बसवायचा, त्यात ताजी दळलेली कॉफी घालायची आणि वरून हळूहळू गरम पाणी ओतायचं. दूध नाही, साखर नाही. त्या कॉफीला कधी संत्र्याच्या सालीचा वास यायचा, कधी गुळाचा. करपट कडूपणा अजिबात नाही.

बेळगावात आल्यावर मी ती कुरियरनं मागवायला लागले. पाव किलोचं पाकीट साडेचारशे रुपयांना, आणि ते बारा दिवसांत संपायचं. दोन पगारांत ते खपून जायचं. एका पगारात, सासूबाईंच्या औषधांच्या डब्याशेजारी ते पाकीट उघडताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं. मग मी एका पाकिटावर महिना काढायला लागले. चिमूटभर कॉफीचं पिवळट पाणी प्यायचं आणि दिवसभर चिडचिड करायची.

स्वस्तात मिळेल म्हणून मी अख्खं गाव पालथं घातलं. एकानं विचारलं, "लाइट म्हणजे चिकोरी कमी का?" दुसऱ्यानं समजूत घातली, "लाइट पाहिजे तर पावडर कमी टाका की, वहिनी." तिसऱ्यानं "आहे की!" म्हणून आतून एक पाकीट आणलं. त्यातली कॉफी जुनी होऊन फिकी पडली होती. शेवटी ओळखीच्या एका मळेवाल्याकडून दोन किलो कच्चे दाणे आणून मी घरीच कढईत भाजायला घेतले. ते बाहेरून कोळसा झाले आणि आतून कच्चे राहिले. टरफलं उडून देवघरापर्यंत गेली, सासूबाईंना खोकल्याची उबळ आली आणि उन्मेषनं बाहेरून विचारलं, "भात लागला का?"

बेळगावातल्याच शहापूर भागात बाळिगांची स्वतःची भट्टी आहे, हे मला त्यानंतर कळलं. भट्टी म्हणजे आडवा लोखंडी ड्रम, खाली गॅसची शेगडी, बाजूला तो फिरवणारी मोटर. बाळिगांच्या वडिलांनी घेतलेली. बाळिगा तेव्हा सत्तरीच्या पुढचे होते. अंगात बाह्यांचा पांढरा बनियन, खाली लुंगी, भुवयासुद्धा धुरकटलेल्या. त्यांचं बोलणं एवढं मोठं, की रस्त्यावरच्या माणसाला वाटावं भांडण चाललंय.

"एका घाण्याला पाच किलो," ते म्हणाले. "त्याच्या खाली भट्टी पेटवत नाही. चारशे वीस रुपये किलो."

पाच किलो म्हणजे मला सात-आठ महिने पुरणार. भाव माझ्या पाकिटाच्या पाव हिश्श्याहूनही कमी. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'नेहमीपेक्षा खूप फिकी भाजावी,' आणि 'खूप'खाली दोन रेघा ओढल्या.

चार दिवसांनी गेले तर पिशवीत काळेकुट्ट, चकचकीत दाणे.

"काका, हे तर तेलकट झालेत!"

"तेल?" बाळिगा भडकले. "तेल घालत नाही आम्ही. माझ्या वडलांनीही कधी घातलं नाही."

"घातलं असं नाही म्हणत मी. जास्त भाजल्यानं दाण्याला तेल सुटलंय."

"नेहमीपेक्षा चार मिनिटं आधी काढलीय," असं म्हणून ते आत निघून गेले. माझं वाक्य अजून संपायचं होतं.

ती पाच किलो फाउंड्रीच्या ऑफिसात गेली. दूध-साखर घालून सगळे ती आवडीनं प्याले, आणि 'पुन्हा कधी आणणार?' असा निरोपही आला. तो ऐकून मी आणखीनच चिडले.

दुसऱ्या वेळी मी चिठ्ठीवर सगळं सविस्तर लिहिलं. कॉफी भाजताना एका टप्प्यावर दाणे फुटायला लागतात. मोहरीसारखे, पण त्याहून ठसठशीत आवाजात. ती पहिली तडतड. तिथून मिनिटभरानं दाणे बाहेर काढले की माझी कॉफी तयार. बंगळूरच्या दुकानदारानं मला हे दाखवलं होतं. मी लिहिलं, 'पहिली तडतड सुरू झाली की एका मिनिटात काढावी.'

बाळिगांनी ती चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. घडी घालून कनवटीला लावली आणि ड्रमकडे वळले.

"तडतड कुठली, ते कळलं ना काका?" मी त्यांच्या पाठीला विचारलं.

त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला वाटलं, काय हा माज! बाईमाणसानं धंद्यातलं सांगितलं, ते झोंबलं असणार.

या वेळी दाणे फिके निघाले. इतके, की हिरवट झाक होती त्यांना. घरी दळायला घेतले तर दगडासारखे कडक. माझ्या हातदळणीचा दांडा वाकला. कसंबसं दळून पाणी ओतलं, तर कपाला भिजवलेल्या मटकीच्या पाण्याचा वास. ते कडूही नव्हतं, गोडही नव्हतं, कॉफी तर नव्हतंच. ओट्याशी उभी राहून मी रडायला लागले.

उन्मेष दारात येऊन थांबला. "कॉफीसाठी रडतेस?"

"हो," मी म्हटलं.

त्यानं आत येऊन कपात डोकावून पाहिलं. "चहा टाकू?"

मी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो निमूटपणे बाहेर गेला. एवढं मोठं शहर सोडून आले, नोकरी सोडली, मैत्रिणी सोडल्या, त्याबद्दल मी एका शब्दानं कुरकुरले नव्हते. आता एका कपासाठी गावातला प्रत्येक माणूस मला शहाणपण शिकवत होता, आणि घरातला माणूस चहा विचारत होता.

पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला मी ती मटकीची कॉफी घेऊन दुकानात गेले आणि पिशवी काउंटरवर आपटली.

"आज माझ्यासमोर भाजायची," मी म्हटलं. "मी भट्टीशी उभी राहणार."

"भट्टीजवळ गिऱ्हाईक नको," बाळिगा म्हणाले.

"मग पैसे परत द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. मग ते वळून आत गेले आणि कच्च्या कॉफीचं पोतं ओढायला लागले. म्हणजे हो म्हणायचं की नाही, तेही मला कळेना.

शैलानं मला खुणेनं जवळ बोलावलं. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "मनाला लावून घेऊ नका, ताई. मामांचं हल्ली असंच झालंय. घरात तरी कुठे कुणाला धड उत्तर देतात? यांच्याशी तर सहा महिने बोलणं नाही."

"मुलाशी?"

"होय की. यांची टाइल्सची एजन्सी आहे ना, तिला जागा पुरत नाही. जेवताना विचारलं मामांना, भट्टी आता बंद करूया का म्हणून. तुम्ही नको म्हणाला तर नको, एवढं चांगलं विचारलं हो. मामा एक शब्द बोलले नाहीत. हात धुऊन उठून गेले. तेव्हापासून हे म्हणतात, त्यांना माझ्याशी बोलायचं नसेल तर मीही बोलणार नाही."

मला त्या मुलाचं, रमानाथचं, म्हणणं पटलं. मी मनात म्हटलं, असलाच आहे म्हातारा.

मी आत गेले. बाळिगांनी मला अडवलं नाही. दाणे ड्रममध्ये ओतले, गॅस मोठा केला, मोटर सुरू केली. ड्रम घरघरत फिरायला लागला. सुरुवातीला ओल्या गवताचा वास सुटला, मग भाजक्या पावाचा. मधूनमधून ते एका लांब पळीनं चार दाणे बाहेर काढून बघत आणि परत आत टाकत. त्यांचा हात मात्र सुरेख होता. एक दाणा खाली पडत नव्हता. अकरा-बारा मिनिटं गेली असतील.

आणि आतून एक दाणा फुटला. टक्. मग दुसरा. मग तीन-चार एकदम.

"सुरू झाली!" मी म्हटलं.

बाळिगांची पाठ माझ्याकडे होती. ते पळीतले दाणे निरखत होते.

मी घड्याळ लावलं. तडतड वाढत गेली, मोटरच्या घरघरीच्या वर स्वच्छ ऐकू यायला लागली. अर्धं मिनिट. पाऊण.

"काका, काढा आता!"

त्यांनी पळी आत सारली.

"काका, मिनिट झालं! काढा!"

ते खाली वाकून ज्योत बघायला लागले. पुन्हा तेच! तिसऱ्या वेळी माझी पाच किलो कॉफी माझ्या डोळ्यांदेखत काळी होणार होती आणि हा माणूस मला बाजूच्या भिंतीइतकीही किंमत देत नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पुढे झाले आणि ड्रमच्या तोंडावरच्या झडपेचा दांडा पदरानं धरून वर ओढला.

दाणे धबाधबा खालच्या जाळीच्या परातीत कोसळले. बाळिगा दचकून उभे राहिले आणि त्यांनी माझा हात झटकून मागे केला.

"हात जळेल, बाई! कुणाला विचारून भट्टीला हात लावला?"

"तीन वेळा ओरडले मी!" माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. "तीन वेळा! बहिरे आहात का तुम्ही? ऐकू येत नाही?"

शैला धावत आत आली आणि तिनं मोटर बंद केली. ड्रम थांबला. एकदम शांत झालं. परातीत अजून दोन-चार दाणे फुटत होते, टक्, टक्, आमच्या तिघांच्या मधोमध.

बाळिगांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग परातीकडे. मग परत माझ्या तोंडाकडे.

"कधी सुरू झाली?" त्यांनी विचारलं. एवढ्या हळू आवाजात ते बोलू शकतात, हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

परातीत आणखी एक दाणा फुटला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"मामा," शैला त्यांच्या पाठीमागून म्हणाली.

ते माझ्याकडेच बघत होते.

"मामा!"

काउंटरशी उभी असलेली दोन गिऱ्हाइकं आत डोकावली. शैलाचा हात तिच्या तोंडाशी गेला. ती त्यांना वळसा घालून पुढे आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "मामा, तुम्हाला त्या दिवशीचं यांचं बोलणं... जेवतानाचं... ऐकूच आलं नव्हतं?"

"कुठलं बोलणं?" बाळिगा म्हणाले.

मग तिच्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं समजलं असावं. त्यांनी पंच्याला हात पुसले, मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

शैलानं कॉफी पिशवीत भरून दिली. मी पैसे ठेवले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती कॉफी केली. अगदी हवी तशी झाली होती. संत्र्याच्या सालीचा वास, मागून गुळाची चव. घोट गळ्याखाली उतरणार नाही असं मला वाटलं होतं, पण मी अख्खा कप प्याले आणि दुसराही करून घेतला. हे खरं आहे म्हणून सांगते. लाज वाटली ती नंतर, कप विसळताना.

आठ-दहा दिवस मी त्या रस्त्यानं जाऊन येत होते. दुकानाचं शटर खाली. कुणाला विचारायचा धीर होईना. पुढच्या गुरुवारी मात्र ते उघडं दिसलं. बाळिगा काउंटरवर एकटेच होते. बनियनच्या जागी शर्ट, शर्टाच्या खिशात एक डबी आणि तिथून कानापर्यंत गेलेली वायर.

मी त्यांच्यासमोरची चिठ्ठी ओढली आणि लिहिलं, 'चुकलं माझं. असं बोलायला नको होतं.'

त्यांनी ती वाचली. "आता लिहिता कशाला? सगळ्या शहापुराला कळलंय. समोर उभं राहून बोला, बस्स."

"माफ करा, काका."

"बसा."

मी स्टुलावर बसले. त्यांनी खिशातली डबी काढून काउंटरवर ठेवली. "रमानाथ घेऊन गेला डॉक्टरकडे. कॉफी ओतली तरी पत्र्यावर खडी ओतल्यासारखं ऐकू येतं यातून. भट्टी लावली तर नुसती गर्जना. काढूनच ठेवावं लागतं."

"किती वर्षं झाली?"

"डावा कान जाऊन सहा. उजवा हळूहळू गेला." त्यांनी डबी जरा बाजूला सरकवली. "रमानाथ जेवायला माझ्या डाव्या हाताला बसतो. मला वाटत होतं, तो माझ्याशी बोलत नाही. त्याला वाटत होतं, मी बोलत नाही. सहा महिने आम्ही दोघं शेजारी बसून आमटी-भात जेवतोय."

"सांगितलं का नाही कुणाला?"

"काय सांगू? कान गेला म्हटलं की दुसऱ्या दिवशी म्हणणार, भट्टीशी जाऊ नका. मग मी काय करू? टाइल्स विकू?"

मला जे विचारायचं होतं ते विचारू की नको, कळत नव्हतं. तरी विचारलं. "मग मला पहिल्याच दिवशी नाही म्हणायचं होतं. मी तीन-तीनदा येऊन तुमच्याशी भांडले."

"नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं," बाळिगा म्हणाले. "तुम्ही सोडणाऱ्या थोड्याच होता!"

ते उठून ड्रमजवळ गेले. मीही मागे गेले, पण या वेळी वळसा घालून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"आमची काळी कॉफी असते ना, तिला कान लागत नाही," ते म्हणाले. "धूर सांगतो. आधी पांढरा येतो, मग निळसर होतो. दाण्यावर चमक येते. डोळे आणि नाक असलं की झालं. म्हणून तर सहा वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. तुमची कॉफी धुराच्या आधीची. तिथे बघायला काही नसतं. नुसता आवाज असतो." त्यांनी ड्रमवर तळहात ठेवला. गार होता तो. "पहिल्या वेळी धुराची वाट बघितली, उशीर झाला. दुसऱ्या वेळी अंदाजानं काढली, तीही फसली. तिसऱ्या वेळी तुम्हीच काढलीत. कशी झाली?"

"चांगली झाली," मी म्हटलं. "फार चांगली."

"झाली ना? मला दाणा बघूनच वाटलं होतं." आणि मग जरा थांबून, "आज घाणा लावायचा का? तुमच्याकडे संपली नसणार, पण शैला म्हणते, कॉलेजच्या दोन प्राध्यापकांनी असलीच विचारलीय."

शैला काउंटरवर येऊन बसली. बाळिगांनी भट्टी पेटवली. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिले. बारा मिनिटं मी ड्रमकडे कान देऊन होते. पहिला दाणा फुटला तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर एक टिचकी मारली. त्यांनी मान हलवली, मनातल्या मनात साठ आकडे मोजले आणि झडप उघडली. थोडी घाईच झाली. आकडे भरभर मोजले असणार.

पुढे साडेतीन वर्षं मी एक गुरुवार सोडून एक गुरुवार त्या भट्टीशी उभी राहत होते. मळेवाल्यांनी भाव वाढवले, प्राध्यापकांपैकी एकजण पुन्हा चहावर गेला, दोन घाणे माझ्याच चुकीनं बिघडले आणि बाळिगांनी मला त्यावरून भर दुकानात फैलावर घेतलं. रमानाथनं टाइल्ससाठी दुसरीकडे जागा घेतली. बाळिगा गेले तेव्हा भट्टी शैलाच्या हाती आली होती. तिचा कान माझ्याहून तयार आहे.

पण त्या पहिल्या पावसाळ्यानंतरचा एक गुरुवार माझ्या डोक्यातून जात नाही. दुकानात कुणी नव्हतं. ड्रम फिरत होता, दाणे बदामी झाले होते. बाळिगांनी एकदम विचारलं, "कसा येतो हो तो? विसरलो मी."

"कोण?"

"आवाज."

मी सांगायचा प्रयत्न केला. मोहरीसारखा म्हटलं, वाळकी काटकी मोडल्यासारखा म्हटलं. ते मान हलवत राहिले, म्हणजे समजलं नव्हतं. तेवढ्यात ड्रममध्ये पहिला दाणा फुटला. मी त्यांच्या खांद्यावर एका बोटानं टक् केलं. दुसरा फुटला, पुन्हा एक बोट. मग दोन लागोपाठ आले, दोन बोटं. मग जसा ऐकू येईल तसा मी दोन्ही हातांनी त्यांच्या पाठीवर वाजवत गेले. थांबत, अडखळत, मग दाट, अजून दाट. बाळिगांनी डोळे मिटून घेतले होते. पाठ ताठ झाली होती आणि मान एका बाजूला कलली होती, दुरून कुणी हाक मारत असावं तशी.

काढा, असं मी सांगायच्या आधीच त्यांनी झडप उघडली. अगदी वेळेवर.